औषध घेणे आणि औषध मारणे

आपल्या सीमाभागात दवाखान्यातून आणतो ते औषध, पिकावर फवारतो तेही औषध, आणि कोणी चुकून फवारणीच्या डब्यातले प्यायले तरी गावात बोलताना 'औषध प्याला' असेच म्हणतात. एकाच शब्दावर इतके अर्थ लादणारी ही बोली शास्त्राच्या पुस्तकात चालणार नाही. यकृताच्या दृष्टीने मात्र ती अगदी नेमकी आहे, कारण बाहेरून आलेला रेणू डॉक्टरांनी दिला की दुकानदाराने, हे यकृताला कळत नाही आणि कळण्याची गरजही पडत नाही. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे याच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : गोळी घेतल्यावर तिचे पुढे काय होते? ती लघवीतून तशीच बाहेर पडते का? आणि 'यकृत स्वच्छ करणारा' म्हणून जो रस सध्या सगळीकडे विकला जातो, तो रोज घ्यावा का? (एक शिक्षिका, शहापूर, बेळगाव)

आतड्याच्या अस्तरातून बहुतेक औषधे रक्तात शिरू शकतात ती त्यांच्या अंगी स्निग्ध पदार्थात विरघळण्याचा गुण असतो म्हणून. पेशींची पटले स्निग्ध द्रव्यांची बनलेली असतात, तेव्हा ज्याला तेलात मुरता येते त्यालाच त्यांतून सहज पार होता येते. परंतु आत येताना उपयोगी पडलेला हा गुण बाहेर पडताना आडवा येतो. मूत्रपिंड रक्त गाळते आणि गाळलेल्या द्रवातले बहुतेक पाणी परत शोषून घेते. या परतीच्या प्रवासात स्निग्धात मुरणारे रेणूही पुन्हा रक्तात झिरपतात. शरीराने त्यांच्यात काही बदल केला नसता, तर आज घेतलेली एखादी गोळी कितीतरी दिवस अंगात फिरत राहिली असती. तुपाचे भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. यकृत तेथे साबण लावीत बसत नाही, ते तुपालाच असे बदलून टाकते की ते पाण्यात विरघळावे.

हा बदल साधारणपणे दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात रेणूला एखादा ऑक्सिजनचा अणू चिकटवला जातो किंवा त्याचा एखादा तुकडा तोडला जातो, म्हणजे पुढे पकडायला एक मूठ तयार होते. हे काम मुख्यतः सायटोक्रोम पी-४५० नावाच्या विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, कुटुंब करते. नावातला ४५० हा आकडा लांबीचा आहे: ही विकरे कार्बन मोनॉक्साइडशी जोडली गेली की ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश विशेषत्वाने शोषतात, आणि त्यावरूनच ओमुरा आणि सातो या जपानी संशोधकांनी १९६२ साली त्यांना हे नाव दिले. माणसात या कुटुंबाची ५७ कार्यरत जनुके आहेत, पण औषधांचा मोठा भार त्यांतली पाच-सहा विकरेच उचलतात. दुसऱ्या टप्प्यात त्या मुठीला ग्लुक्युरोनिक आम्ल, सल्फेट, ग्लायसीन किंवा ग्लुटाथायोन असा एखादा पाण्यात सहज विरघळणारा जोडीदार बांधला जातो, आणि मग ती जोडगोळी लघवीतून किंवा पित्तावाटे शौचातून बाहेर पडते.

यांतला दुसरा टप्पा पहिल्याच्या कितीतरी आधी सापडला. १८४२ साली व्हिल्हेल्म केलर या जर्मन संशोधकाने बेंझॉइक आम्ल स्वतःच गिळले आणि नंतर आपल्या लघवीत काय उतरते ते तपासले. तेथे त्याला बेंझॉइक आम्लाऐवजी हिप्प्युरिक आम्ल सापडले. हा पदार्थ घोड्याच्या मूत्रात आधी मिळाला होता आणि त्याचे नावही ग्रीक भाषेतल्या घोड्यावरूनच पडले आहे. गिळलेल्या आम्लाला शरीराने ग्लायसीन जोडून दिले होते. बाटलीबंद सरबतात आणि लोणच्यात टिकवण्यासाठी सोडियम बेंझोएट घालतात, त्याची आपल्या शरीरात आजही अशीच वासलात लागते.

सगळीच औषधे या वाटेने जातात असे नाही. काही पाण्यात मुळातच विरघळणारी असल्यामुळे जवळजवळ तशीच लघवीतून निघून जातात. उलट काहींची यकृत पहिल्याच फेरीत इतकी मोडतोड करते की पोटातून घेतली तर उपयोगाचे फारसे उरतच नाही. छातीत कळ आल्यावर नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात त्याचे कारण हेच, कारण तेथून ती यकृताला वळसा घालून थेट रक्तात जाते. गोळी दिवसातून एकदा घ्यायची की तीनदा, हेही शरीर तिला किती वेगाने संपवते यावर बरेचसे ठरते.

आता रसाविषयी. वर वर्णन केलेले काम निरोगी यकृत रात्रंदिवस करीत असते आणि ते वेगळे 'स्वच्छ' करावे लागत नाही, कारण यकृत ही काही वर्षभर घाण साठवणारी टाकी नव्हे. अशा बाटल्यांवर खर्च करणे मला पैशांची नासाडी वाटते, आणि काही वेळा ते धोक्याचेही असते. घरी काढलेल्या दुधी भोपळ्याच्या रसाचे उदाहरण सांगतो: दुधी कडू निघाला तर त्यात कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात आणि असा रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावलेली आहेत. म्हणून दुधीचा तुकडा आधी चाखावा आणि कडू लागला तर तो फेकून द्यावा.

प्रश्न : वडील तीस वर्षे विडी ओढत होते. दम्यासाठी ते थिओफायलिनची गोळी घेतात. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी विडी पूर्ण सोडली, आणि तेव्हापासून त्यांचे हात थरथरतात, मळमळते आणि छातीत धडधडते. शेजारी म्हणतात की शरीराला विडीची सवय झाली आहे, थोडी ओढू द्या. काय करावे? (एक वाचक, निपाणी)

विडी पुन्हा सुरू करू नये, आणि आजच्या आज डॉक्टरांना 'विडी सोडली आहे' हे सांगावे. ही गोष्ट त्यांना माहीत असणे अत्यंत आवश्यक आहे.

जळणाऱ्या पानाच्या आणि तंबाखूच्या धुरात काजळीसारखे अनेक वलयांचे हायड्रोकार्बन असतात. ते शरीरात गेले की यकृत पी-४५० कुटुंबातले १ए२ नावाचे विकर नेहमीपेक्षा जास्त बनवू लागते. हेच विकर थिओफायलिनही मोडते. म्हणजे तुमच्या वडिलांच्या यकृतात इतकी वर्षे जादा मजूर कामावर होते, आणि डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा त्या जादा मजुरांना पुरून उरेल अशी होती. विडी सुटल्यावर सुमारे आठवडाभरात ते मजूर घटतात, गोळी मात्र तेवढीच चालू राहते, आणि रक्तातली पातळी चढत जाते. थिओफायलिनच्या बाबतीत उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. थरथर, मळमळ आणि धडधड ही त्या चढलेल्या पातळीची लक्षणे असू शकतात, आणि ती आणखी वाढली तर झटकेही येऊ शकतात. डॉक्टर रक्ततपासणी करून मात्रा कमी करतील. गोळी मनानेच बंद करू नये, कारण दमा उसळेल. चहा-कॉफीतले कॅफीनही हेच विकर मोडते, त्यामुळे विडी सोडलेल्या माणसाला नेहमीचाच चहा जास्त 'लागतो', हेही लक्षात असू द्यावे.

विकर वाढवतो तो धूर, निकोटीन नव्हे. त्यामुळे नुसती तंबाखू मळून खाणाऱ्याच्या बाबतीत हा हिशेब लागू होत नाही. निकोटीनची वाट वेगळी आहे: यकृत त्याचा मोठा भाग कोटिनीन नावाच्या पदार्थात बदलते, आणि निकोटीन काही तासांत ओसरले तरी कोटिनीन कितीतरी अधिक काळ राहते. कोणी तंबाखू सोडली की नुसते तोंडाने म्हणतो, हे कोटिनीनच्या तपासणीवरून कळू शकते.

तंबाखूचे पीक आपल्या निपाणी भागाची ओळख असल्यामुळे एक गोष्ट येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. निकोटीन हे झाडाने किडींपासून बचावासाठी बनवलेले विष आहे, तरीही तंबाखूवर मावा ही कीड पडतेच. हिरव्या माव्याची जी जात तंबाखूवर जगते, तिच्यात निकोटीन मोडणाऱ्या एका पी-४५० जनुकाच्या जादा प्रती आढळल्या आहेत. झाडाने औषध मारले आणि किडीने आपले यकृत वाढवले, असे म्हणायला हरकत नाही. किडीला यकृत नसते एवढे सोडून.

प्रश्न : धाकटा भाऊ रोज संध्याकाळी दारू पितो. अंगदुखी आणि ताप आला की तो पॅरासिटामॉलच्या गोळ्या मनाने घेतो, कधी दिवसाला आठ-दहा. 'ही तर लहान मुलांनाही देतात' असे त्याचे म्हणणे. त्याचे खरे आहे का? (एक भगिनी, खानापूर तालुका)

अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात धोका आहे.

पॅरासिटामॉल हे खरोखर सुरक्षित औषध आहे आणि त्याचे महत्त्वही शरीराच्याच साक्षीने कळले. १८८६ पासून तापावर ॲसिटॅनिलाइड नावाचे औषध देत असत. ताप उतरायचा, पण काही रोग्यांचे ओठ निळे पडायचे. १९४८ साली बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी अमेरिकेत दाखवून दिले की शरीर ॲसिटॅनिलाइडचे बहुतांश पॅरासिटामॉल बनवते आणि ताप उतरतो तो त्यामुळे, तर थोड्या भागाचे ॲनिलीन नावाचे द्रव्य बनते आणि रक्त बिघडते ते त्यामुळे. एकाच औषधातून शरीराने गुण आणि अवगुण वेगळे करून दाखवले. मग सरळ पॅरासिटामॉलच देणे शहाणपणाचे ठरले.

नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉलचा सुमारे नव्वद टक्के भाग ग्लुक्युरोनिक आम्ल किंवा सल्फेट यांच्याशी बांधला जाऊन मुकाट लघवीतून निघून जातो. पाच ते दहा टक्के भाग मात्र पी-४५० च्या हाती लागतो आणि त्यातून जो पदार्थ तयार होतो तो अतिशय आक्रमक असतो. तो यकृताच्या पेशीतल्या प्रथिनांनाच जाऊन चिकटतो. त्याला आवरण्यासाठी पेशीत ग्लुटाथायोन असते आणि थोड्याशा विषाला ते पुरून उरते. गोळ्यांची संख्या वाढली की सल्फेटचा साठा आधी अपुरा पडतो, मग अधिक औषध त्या आडवाटेला वळते, ग्लुटाथायोन संपते, आणि त्यानंतर तयार होणारे विष थेट यकृताच्या पेशी मारू लागते. लक्षात घ्या, मूळ गोळी यकृताला मारीत नाही. यकृत तिच्यावर प्रक्रिया करून जे बनवते, ते त्याला मारते. म्हणूनच 'विषहरण' हा शब्द मला फारसा पसंत नाही. शरीर बाहेरचा रेणू घालवण्याच्या मागे असते, आणि वाटेत तो मवाळ होईल की जहाल, याची हमी ते देत नाही.

आता तुमच्या भावाविषयी. नियमित दारू पिणाऱ्याच्या यकृतात हीच आडवाट चालवणारे २ई१ हे विकर वाढलेले असते, कारण दारू मोडण्याच्या कामातही त्याचा वाटा असतो. शिवाय दारूपायी जेवण कमी झालेले असेल तर ग्लुटाथायोनचा साठाही आटलेला असतो. म्हणजे विष अधिक बनते आणि आवरणारे कमी, अशी दोन्ही बाजूंनी कोंडी होते. सशक्त प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानतात, आणि ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ती जवळजवळ भरते. आठ गोळ्या म्हणजे ५.२ ग्रॅम. रोज पिणाऱ्याला डॉक्टर यापेक्षा पुष्कळ कमी, बहुधा २ ग्रॅमपर्यंतच सांगतात. त्यातच सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी संमिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. पाकिटावरचे बारीक अक्षर वाचले नाही तर एकाच औषधाची मोजदाद दोनदा चुकते.

सर्वांत फसवी गोष्ट अशी की अतिमात्रा झाल्यावर पहिल्या दिवशी थोडी मळमळ सोडली तर काहीच जाणवत नाही. यकृत बिघडल्याची खूण, म्हणजे उजव्या बरगडीखाली दुखणे किंवा डोळे पिवळे होणे, दोन-तीन दिवसांनी दिसते. यावर ॲसिटिलसिस्टीन नावाचे उत्तम प्रतिविष आहे. ते शरीराला पुन्हा ग्लुटाथायोन बनवायला कच्चा माल पुरवते. मात्र पहिल्या आठ तासांत दिले तर त्याचा गुण सर्वांत चांगला येतो. म्हणून अति गोळ्या घेतल्या गेल्याची नुसती शंका आली तरी 'सकाळपर्यंत पाहू' असे न म्हणता रात्रीच खानापूर किंवा बेळगाव गाठावे आणि रिकामे पाकीट बरोबर न्यावे.

जाता जाता मांजर पाळणाऱ्यांसाठी एक सूचना. मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉलला ग्लुक्युरोनिक आम्ल बांधणारे विकर कामच करीत नाही. त्यामुळे आपल्यासाठी साधी असलेली एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते.

प्रश्न : मक्यात ॲट्राझिन मारले तर तण जळते, मका कसा जळत नाही? तसेच मॅलेथिऑनने कीड मरते आणि फवारणारा माणूस वाचतो, म्हणजे ते माणसाला निरुपद्रवी समजायचे का? (एक शेतकरी, चिकोडी तालुका)

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे: कोण किती चटकन मोडतो.

ॲट्राझिन पानातली प्रकाशसंश्लेषणाची क्रिया अडवते आणि मक्याच्या पानातही ती तशीच अडू शकते. परंतु मका आणि ज्वारी यांच्या पेशींत ग्लुटाथायोन जोडणारे विकर भरपूर असते, आणि ॲट्राझिन आपले काम सुरू करण्याआधीच ते त्याला बांधून निकामी करते. रुंद पानांच्या बहुतेक तणांना ही चपळाई जमत नाही. झाडाला मूत्रपिंड नाही, मग बांधलेला कचरा जातो कोठे, असा पुढचा प्रश्न येईल. झाड तो बाहेर टाकीत नाही, ते पेशीतल्या रसाने भरलेल्या कोठारात किंवा पेशीभित्तीत कायमचा कोंडून ठेवते. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते: मक्यात घेवडा किंवा सोयाबीन आंतरपीक असेल तर हे औषध मारू नये, आणि जमिनीत ते टिकून राहत असल्यामुळे पुढच्या हंगामाच्या सोयाबीनलाही कधी कधी फटका बसतो, याचा विचार करूनच मात्रा ठरवावी.

मॅलेथिऑनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ते स्वतः फारसे जहाल नसते. किडीच्या शरीरातले पी-४५० त्याचे मॅलॉक्सॉन बनवते, आणि मॅलॉक्सॉन मज्जातंतूंचे कोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडून किडीला मारते. आपल्या शरीरातही मॅलॉक्सॉन बनते. फरक इतकाच की आपल्या यकृतात कार्बॉक्सिलएस्टरेज नावाचे दुसरे विकर असते, ते मॅलेथिऑनचा बराचसा भाग त्याआधीच तोडून टाकते आणि किडीपाशी ते पुरेसे नसते. माणूस वाचतो तो या शर्यतीत पुढे असतो म्हणून, औषध निरुपद्रवी असते म्हणून नव्हे.

ही शर्यत हरताही येते. १९७६ साली पाकिस्तानात मलेरियाविरुद्ध घरोघर मॅलेथिऑन फवारले जात असताना सुमारे २,८०० कामगारांना विषबाधा झाली आणि पाच जण दगावले. वापरलेल्या पावडरीत साठवणीच्या काळात आयसोमॅलेथिऑन नावाची अशुद्धी तयार झालेली होती, आणि ती नेमके आपल्याला वाचवणारे कार्बॉक्सिलएस्टरेजच बंद पाडते. तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापलेले, मुदत संपलेले जुने डबे 'अजून वास आहे, म्हणजे चालेल' असे म्हणून वापरू नयेत. फवारताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, आणि घरी येताच साबणाने आंघोळ करावी, कारण हे द्रव्य कातडीतूनही शिरते. तोंडाला लाळ सुटणे, घाम येणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे आणि दम लागणे ही लक्षणे दिसली तर डबा घेऊनच दवाखान्यात जावे. शिवाय हे सर्व मॅलेथिऑनपुरतेच आहे. त्याच घराण्यातली इतर कित्येक औषधे आपले शरीर इतक्या सहज तोडू शकत नाही, म्हणून डब्यावरचा विषाची तीव्रता सांगणारा त्रिकोण लाल असेल तर त्याला मॅलेथिऑनचा न्याय लावू नये.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने पपनस खाऊ नये असे ऐकले. फळाने काय होणार? (एक निवृत्त गृहस्थ, टिळकवाडी, बेळगाव)

ऐकले ते काही गोळ्यांपुरते बरोबर आहे. कॅनडात फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते पाहताना, दारूची चव झाकण्यासाठी संशोधकांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तातली औषधाची पातळी कल्पनेबाहेर वाढलेली पाहून ते चक्रावले. हे निरीक्षण १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्या फळातली फ्युरानोकुमरिन नावाची द्रव्ये आतड्याच्या अस्तरातले पी-४५० चे ३ए४ हे विकर कायमचे निकामी करतात, त्यामुळे एरवी आतड्यातच मोडला जाणारा औषधाचा भाग रक्तात उतरतो. पपनस हे ग्रेपफ्रूटचे जवळचे नातलग आहे आणि त्यातही ही द्रव्ये असतात. मोसंबीचा आणि संत्र्याचा हा दोष नाही. फेलोडिपिन किंवा कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर पपनस टाळावे. तुमची गोळी दुसरी असेल तर तिचे नाव डॉक्टरांना दाखवून विचारावे. सकाळी गोळी आणि दुपारी फळ असे अंतर ठेवून भागत नाही, कारण निकामी झालेल्या विकराच्या जागी नवे तयार व्हायला आतड्याला एक ते तीन दिवस लागतात.